तक्रार बंद

रुग्णालयात त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला फुकटराव म्हणत. सहा वर्षांपूर्वी तो इथले कॉम्प्युटर सांभाळायला आला, तेव्हा एकूण एक यंत्र म्हातारं झालं होतं आणि त्यांच्यावरच्या विकतच्या सिस्टिमची मुदतही टळून गेली होती. यानं महिनाभरात सगळ्यांवर लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम चढवली. पत्रं लिहायला, एक्स-रे बघायला, नर्सच्या पाळ्या लावायला, सगळ्याला मोकळं सॉफ्टवेअर आणलं आणि जो सापडेल त्याला ऐकवत सुटला की, हे कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, आतलं सगळं लिखाण उघडं असतं, कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. लोकांनी त्यातून एवढंच घेतलं की हे फुकट आहे. "फुकट नाही हो, मोकळं," असं तो वर्षभर सांगत राहिला आणि मग त्यानं नाद सोडला.

घरी तर बोलायची सोयच नव्हती. बायको शाळेत शिकवायची. तिला प्रश्नपत्रिका छापायची असली की नेमका त्याच दिवशी प्रिंटर आणि लिनक्स यांचा अबोला असायचा. हा टेबलाखाली शिरून वायरी चाचपत बसायचा. "तुमची क्रांती आटोपली की हाक मारा," असं म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानातून पानं छापून आणायची. त्याच्या या वेडासकट तो तिला आवडत होता, हेही खरं.

चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम त्यानं याच घरात, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. काम छोटं होतं. रुग्णाचं रक्त काढलं की ते काचेच्या नळीत भरतात आणि नळीवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवतात. पूर्वी ही चिठ्ठी हातानं लिहायचे. आता प्रयोगशाळेत खाटेचा नंबर टाकून बटण दाबलं की छोट्या यंत्रातून नावाची छापील चिठ्ठी सरकत बाहेर यायची. प्रोग्रॅम रुग्णालयात चालला, तसा त्यानं तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. बघता बघता कुठल्या कुठल्या गावांतल्या बासष्ट प्रयोगशाळांनी तो घेतला. हा बासष्टचा आकडा त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी त्यानं सांगितला असता.

रुग्णालयातली प्रयोगशाळा ताईंच्या हाताखाली होती. ताई सत्तावीस वर्षं रक्त तपासत होत्या. त्यांची एक पद्धत होती. वॉर्डात रक्त काढलं की त्या नळीवर काचेवर उमटणाऱ्या पेन्सिलीनं खाटेचा नंबर लिहायच्या, आणि प्रयोगशाळेत परत आल्यावर एकेक नळी डोळ्यांसमोर धरून नंबर आणि नाव मोठ्यानं म्हणत तिच्यावर चिठ्ठी लावायच्या. "ताईंची हजेरी सुरू झाली," म्हणून बाकीचे हसायचे. नवा प्रोग्रॅम आल्यावरही त्यांची हजेरी थांबेना, तेव्हा फुकटरावच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, आता हे कशाला? ज्या क्रमानं नंबर टाकाल त्याच क्रमानं चिठ्ठ्या येणार. पहिली चिठ्ठी पहिल्या नळीला. यात चूक होऊच शकत नाही."

"अरे, सवय आहे. जिभेला चाळा."

"माझ्यावर विश्वास नाही म्हणा की सरळ."

ताई त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या आणि त्यांचा त्याच्यावर जीव होता. "तू म्हणतोस तर राहिलं," त्या म्हणाल्या. दोन-तीन आठवड्यांत हजेरी बंद पडली. नळ्या पूर्वीपेक्षा लवकर पुढे जायला लागल्या, आणि मोठ्या डॉक्टरांनी बैठकीत सगळ्यांसमोर दोघांचं कौतुक केलं.

त्या मंगळवारी सकाळी ताईंनी शेजारशेजारच्या दोन खाटांवरचं रक्त काढलं. एका खाटेवर बांधकामाच्या परांचीवरून पडून मांडी मोडलेला सव्वीस वर्षांचा गवंडी होता, दुसरीवर पोटाच्या दुखण्याचा एक म्हातारा. गवंड्याचं ऑपरेशन दुपारी होतं. ते चालू असताना त्याला रक्त चढवलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला. चढवलेलं रक्त त्याच्या गटाचं नव्हतं. सगळ्या नळ्या पुन्हा तपासल्या, म्हाताऱ्याचं रक्त नव्यानं काढून पाहिलं, तेव्हा तासाभरात उलगडा झाला. दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

ताईंनी कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "माझ्या हातून झालं." दुसरं कुणाच्या हातून होणार होतं? चिठ्ठ्या त्यांनीच लावल्या होत्या.

बुधवारी सकाळी फुकटराव त्यांना धीर द्यायला प्रयोगशाळेत गेला. ताई स्टुलावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. तो चिठ्ठ्यांच्या यंत्राजवळ जाऊन उगाच त्याचं झाकण पुसायला लागला. बाजूला संपलेल्या रोलची पुठ्ठ्याची नळी पडली होती.

"रोल बदललात का?"

"काल. मधेच संपला मेला. पहिली चिठ्ठी अर्धवट छापून अडकली. नवा घातला तशी सुरळीत आली."

"त्या दोघांच्याच वेळी?"

"हो. का रे?"

"काही नाही," तो म्हणाला. पण कुठेतरी, कधीतरी त्यानं हे वाचलं होतं.

त्यानं आपल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि प्रोग्रॅमच्या इंटरनेटवरच्या पानावर वापरणाऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या तक्रारी काढल्या. शोधायला वेळ लागला नाही. आठ महिन्यांपूर्वी, कुठल्याशा लांबच्या गावातल्या प्रयोगशाळेतल्या एका माणसानं मोडक्यातोडक्या भाषेत दोन ओळी लिहिल्या होत्या. रोल मधेच संपला आणि नवा घातला की चिठ्ठ्यांचा क्रम उलटतो, आधी दुसऱ्या रुग्णाची येते, मग पहिल्याची. लवकर बघा.

खाली त्याचं स्वतःचं उत्तर होतं. फॉर्म पूर्ण भरलेला नाही. प्रोग्रॅमची आवृत्ती लिहिलेली नाही. माझ्याकडे असं होत नाही. तक्रार बंद.

तो आठवडाही त्याला आठवला. जगभरचे लोक फुकटात वापरतात, वर हुकूम सोडतात, आणि आभाराचा एक शब्द लिहायला त्यांचे हात झिजतात, या रागानं त्या आठवड्यात त्याचं डोकं फिरलं होतं. "माझ्याकडे असं होत नाही" हे मात्र खरं होतं. जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्यांचं यंत्र कुठे होतं? त्यानं घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर एकदा करून पाहिलं होतं, आणि साध्या कागदाला रोल नसतो.

दुपारी प्रयोगशाळेतले सगळे जेवायला गेले. त्यानं एक संपत आलेला रोल यंत्रात घातला, दोन खोटी नावं टाकली आणि बटण दाबलं. पहिली चिठ्ठी अर्ध्यावर अडकली. त्यानं नवा रोल लावला. आधी दुसरं नाव बाहेर आलं, मग पहिलं. त्यानं पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा केलं. तिन्ही वेळा तेच झालं. तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

दुरुस्ती तीन ओळींची होती. तीन ओळी लिहायला त्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. केलेला बदल सगळ्यांना दिसतो आणि त्यासोबत एक टीप लिहावी लागते. तिथे त्यानं लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती.' बासष्ट प्रयोगशाळांना धोक्याची सूचना द्यायला हवी होती. ती दिली असती तर प्रश्न आले असते, म्हणून त्यानं दिली नाही. एवढ्यावरून तो कसा माणूस होता ते कुणी ठरवायचं असेल तर खुशाल ठरवावं. त्यानंही नंतर तेच ठरवलं.

घरी आल्यावर बायकोला त्याचा चेहरा बघूनच कळलं. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "दुरुस्त केलंत ना आता? मग बोलून तो मुलगा परत येणार आहे का?" ती हे त्याच्या काळजीनं बोलली. त्यानं ते परवानगीसारखं खिशात घातलं.

शुक्रवारी चौकशी होती. लांब टेबलाच्या एका टोकाला मोठे डॉक्टर, शेजारी मुख्य परिचारिका, आणि समोरच्या खुर्चीत ताई. पणाला काय लागलंय हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ताईंची प्रयोगशाळा जाणार होती, सत्तावीस वर्षांचं नाव जाणार होतं. त्याहूनही मोठं काय जाणार होतं ते फक्त फुकटरावला दिसत होतं. ताईंना आता मरेपर्यंत वाटत राहणार होतं की आपल्या हातांनी एक धडधाकट पोरगा मारला.

"मी नावं वाचायची सोडली होती," ताई म्हणाल्या. "वाचली असती तर कळलं असतं. चूक माझीच."

मोठे डॉक्टर त्याच्याकडे वळले. "नियम म्हणून विचारतो. चिठ्ठ्यांच्या यंत्रणेत काही दोष?"

"मी स्वतः तपासून पाहिलं, सर. मुद्दाम रोल संपवूनही पाहिलं. चिठ्ठ्या बरोबर क्रमानं येतात."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. गुरुवारी, दुरुस्तीनंतर, त्यानं वीस वेळा तपासलं होतं आणि वीसही वेळा क्रम बरोबर आला होता. ताईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली. तुझ्याकडून चूक व्हायची नाही, हे मला माहीत होतं, असं त्या मान हलवण्यात होतं.

ताईंना प्रयोगशाळेतून काढून तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. कुणी त्यांना वाईट बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. त्या आल्या की चहाच्या टेबलावरचं बोलणं थांबायचं.

आणि लांबच्या गावातून आलेली ती तक्रार, फुकटरावचं उत्तर, आठ महिन्यांपूर्वीची तारीख, मृत्यूच्या दुसऱ्या दिवशीची ती किरकोळ दुरुस्ती, सगळं इंटरनेटवर तसंच होतं. त्याला ते पुसता आलं असतं. दोनदा हात तिथवर गेला आणि मागे आला. पुसायचं धाडस नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं. रोज सकाळी तो ते पान उघडायचा. कुणीतरी वाचलं असेल, दोन तारखा जुळवल्या असतील, विचारलं असेल. कुणी विचारलं नव्हतं. जगातल्या कुठल्याही माणसाला ते वाचता येत होतं आणि वाचायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

गवंडी गेल्यापासून विसाव्या दिवशी मात्र त्या पानावर दोन नव्या ओळी आल्या. लांबच्या गावातल्या त्याच माणसाच्या, तशाच मोडक्या भाषेत. तुम्ही दुरुस्त केलंत, आभार. आठ महिने आम्ही प्रत्येक चिठ्ठीचं नाव मोठ्यानं वाचून लावत होतो, आता थोडं बरं झालं. मी इथल्या सगळ्यांना सांगितलं की उशिरा का होईना, हा भला माणूस आहे.

शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या गिळल्या असत्या. हे गिळता येईना. दोन दिवस त्याच्या घशाखाली धड घास उतरला नाही. बायको म्हणाली, "मी त्या दिवशी चुकीचं बोलले. जा, सांगून या."

तळघरातल्या खोलीत खिडकी नव्हती. छतापर्यंत फायली रचलेल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या वीतभर जागेत ताईंचं टेबल होतं. त्यांना तिथे एक जुना कॉम्प्युटर द्यायचा होता. त्या निमित्तानं तो गेला, वायरी जोडल्या, लिनक्स सुरू केलं, आणि ताईंच्या चष्म्याला सोसतील इतकी अक्षरं मोठी केली. त्यानं ते पान उघडलं आणि खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

"ताई, एवढं वाचा."

ताई पडद्यावर बोट ठेवून सावकाश वाचत गेल्या. वाचून झाल्यावर बोट पुन्हा पहिल्या तारखेवर नेलं.

"हे आठ महिन्यांपूर्वीचं?"

"हो."

"आणि हे दुरुस्त केलंस ते बुधवारचं. चौकशी शुक्रवारी होती."

"हो, ताई."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझी नात दीड वर्षाची आहे," त्या म्हणाल्या. "गेले बावीस दिवस मी तिला उचलून घेतलेलं नाही. वाटतं, हे हात आता भरवशाचे नाहीत, पोर सुटेल हातातून. सून म्हणते, आई, घ्या ना तिला. मी काहीतरी कारण काढते."

त्यांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आणि मी त्याच्या आईकडे गेले होते. ऐकतोयस ना? चौकशीनंतर दुसऱ्याच दिवशी. तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून सांगून आले की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तिच्यापुढे जायला हवं होतं दुसऱ्याच कुणीतरी, आणि गेले मी."

"ताई, मी..."

"माझी माफी मागू नकोस. मी करीन माफ, माझा स्वभावच तसला मूर्ख आहे, आणि मग तुला झोप लागेल. बस इथे. आधी वरती लिहून पाठव."

तो त्याच टेबलाशी बसला. ताईंच्या देखत त्यानं मोठ्या डॉक्टरांना सगळं लिहिलं. तक्रार कधी आली, आपण ती कशी बंद केली, चौकशीत काय लपवलं, एकेक तारीख घालून. मग प्रोग्रॅमच्या पानावर 'किरकोळ दुरुस्ती'च्या जागी लिहिलं की या दोषामुळे एका माणसाचा जीव गेला आहे, ज्यांनी प्रोग्रॅम अजून बदलला नसेल त्यांनी आज बदलावा, आणि तोवर प्रत्येक नाव वाचून चिठ्ठी लावावी. बासष्टच्या बासष्ट प्रयोगशाळांना त्यानं ते पाठवलं. काम झालं. एवढंच करायचं होतं, आणि ते बावीस दिवसांपूर्वीही एवढंच होतं.

"आता चल," ताई म्हणाल्या.

"कुठे?"

"कुठे ते तुला कळलंय."

गवंड्याचं घर रुग्णालयापासून चालत वीस मिनिटांवर होतं. तिसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याच्या शेवटी, दाराबाहेर सिमेंट वाळून कडक झालेली घमेली पालथी घातली होती. ताईंनी दार वाजवलं. पन्नाशीच्या एका बारीक बाईनं ते उघडलं. ताईंना पाहून तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, नुसता थकवा आला.

"तुम्ही परत?"

"यांना काहीतरी सांगायचंय," ताई म्हणाल्या.

त्यानं दारातच उभं राहून सांगितलं. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना, म्हणून जसं झालं तसं सांगितलं. यंत्र, रोल, बंद केलेली तक्रार, चौकशीतलं आपलं उत्तर. यांची चूक नव्हती, माझी होती. ती बाई दाराच्या कडेला हात लावून शेवटपर्यंत ऐकत होती. तिला रोल आणि प्रोग्रॅम यातलं किती कळलं कुणास ठाऊक. शेवटचं वाक्य मात्र कळलं.

"आधी डॉक्टर येऊन गेले," ती म्हणाली. "म्हणाले, कुणाच्याच हातात नव्हतं. मग या आल्या. म्हणाल्या, माझ्या हातून झालं. मी यांना आठ-दहा दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग म्हटलं, जाऊ दे, बाई माणूस आहे, खरं बोलली, घरी तिचीही पोरं असतील. परवा कुठे मला पहिल्यांदा झोप लागली. आता तुम्ही आलात."

तिनं दोघांच्या मागे जिन्याकडे एकदा वाकून पाहिलं.

"अजून कोण यायचंय?" तिनं विचारलं. "म्हणजे, मी दार लावू की नको?"

ती तशीच दाराला धरून उभी राहिली, आणि खरोखरच उत्तराची वाट बघत होती.